एअर रायफलचा छर्रा निवडताना : डब्यावरचा आकडा आणि आपली बॅरल

"काका, ४.४९ घेऊ का ४.५०?"

रेंजवर नवीन पालक आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा प्रश्न येतोच. मुलगा किंवा मुलगी लेनवर उभी असते, आई-बाबा मागच्या बाकावर, आणि हातातल्या मोबाइलवर छर्ऱ्यांच्या डब्यांचे फोटो. मी तिथे कोच नाही. धाकटी आठवीत असताना तिने हा खेळ धरला, तेव्हापासून मीही त्या बाकावरचा एक बाबा आहे. पण नाशिकच्या अंबडमधल्या एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं डाय, म्हणजे माल दाबून आकार देणारे साचे, बनवण्यात गेली, त्यामुळे शंभरावा भाग मिलिमीटर म्हटलं की माझे कान टवकारतात. सगळ्यांना वेगवेगळं सांगून दमलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी तो आकडा काय आहे ते समजून घ्या. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल, दोन्हींचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिमी. त्यात जाणारा छर्रा शिशाचा, कमरेत बारीक, डमरूसारखा. पुढचा भाग म्हणजे डोकं, मागचा पोकळ घेर म्हणजे स्कर्ट. डोकं बॅरलमधल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचांना, टेकून छर्रा सरळ ठेवतं. स्कर्ट डोक्यापेक्षा थोडा मोठा असतो. मागून हवेचा दाब आला की तो फुलून आट्यांत घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं जे छापतात ते या डोक्याचं माप. दोन डब्यांमधला फरक एक शतांश मिलिमीटरचा, म्हणजे दहा मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

दहा मायक्रॉनने काय होतं, असं विचाराल तर नाशिककरांना वेगळं सांगायला नको. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलची नोझल बनते. तिथे काम केलेला एक तरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहे. त्याला विचारा, दहा मायक्रॉन म्हणजे किती मोठी जागा असते!

तुमची वेळ आली आहे का, ते आधी बघा

हे कुणाला आवडत नाही, पण सांगतो. मूल नुकतंच उभं राहायला शिकत असेल, श्वास, ट्रिगर, पायांची जागा यांतच अडकलेलं असेल, तर ४.४९ आणि ४.५० मधला फरक त्याच्या कार्डावर दिसणारच नाही. हाताने मारलेले दहा शॉट रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पसरत असतील, तर त्यातला छर्ऱ्याचा वाटा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. बाकी सगळं शरीराचं. अशा वेळी एका चांगल्या कंपनीचा सरावाचा डबा घ्या आणि सहा महिने तोच वापरा. डबा सारखा बदलला तर मुलाला प्रत्येक चुकलेल्या शॉटसाठी एक सबब मिळते, आणि ती सबब पुढे फार महागात पडते.

माझा ढोबळ हिशेब असा : पीप साइटच्या (बारीक भोकातून नेम धरायच्या) रायफलवर ६० शॉटला दशांशात ६०० च्या आसपास स्कोअर नियमित यायला लागला की छर्ऱ्याची चाचणी करण्यात अर्थ आहे. शालेय स्पर्धांतल्या ओपन साइटवाल्यांनी (उघड्या खाचेतून नेम धरणाऱ्यांनी) तर ही चिंता आणखी उशिरा करावी.

पिस्तूलवाल्यांनी आणखी निवांत राहावं. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आहे, रायफलच्या टार्गेटवर दहा म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. खेळ एकाच हॉलमध्ये चालतो, पण दोघांचं गणित फार वेगळं. पिस्तुलासाठी हलका, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचा चांगला छर्रा घ्या, दोन मापं करून बघा आणि विषय संपवा. या लेखातली बाकीची कटकट मुख्यतः रायफलवाल्यांची.

दशांशांचा हिशेब

रायफलच्या टार्गेटवर छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९. पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश कमी. अडीच मिलिमीटरवर १०.० आणि त्यापलीकडे नऊची घरं. पात्रता फेरीत ६० शॉट, ७५ मिनिटं, जास्तीत जास्त ६५४.०.

आता समजा रायफल शिकंजात (वाइसमध्ये) पक्की आवळली आहे, हात नाही, श्वास नाही, आणि तरी दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, मध्यापासून मध्यापर्यंत ४ मिमी पसरतो. म्हणजे निर्दोष नेम धरूनही एखादा शॉट केंद्रापासून दोन मिलिमीटरवर, १०.२ ला जाणार. दुसऱ्या छर्ऱ्याने तोच ग्रुप २ मिमीचा आला, तर सगळ्यात वाईट शॉटही १०.६ च्या खाली नाही. प्रत्येक शॉट इतका बिघडत नाही, मान्य. पण सरासरी एक दशांश जरी वाचला तरी ६० शॉटला सहा गुण होतात. राज्य स्पर्धेत सहा गुणांत किती नावं बसतात ते निकालपत्रक उघडून मोजा.

पहिली पायरी : आकार आणि वजन

कागदावर मारायचं तर सपाट तोंडाचाच छर्रा. तो कागदाला पंचासारखं गोल, स्वच्छ भोक पाडतो, त्यामुळे गेज लावून गुण मोजता येतात. टोकदार छर्रे दुकानदार 'पॉवरफुल' म्हणून पुढे करतो. ते बाजूला ठेवा. गोल तोंडाचे लांब पल्ल्यासाठी ठीक, १० मीटरवर त्यांचं काम नाही.

मॅच रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपासचं वजन सर्रास चालतं. आरडब्ल्यूएसची आर-१० आणि माइस्टरकुगेल्न, एच अँड एनची फिनाले मॅच, जेएसबीची मॅच, चिनी चियांग युआन ही नावं रेंजवर रोज ऐकू येतील. यातल्या बहुतेकांचे रायफल आणि पिस्तूल असे वेगवेगळे डबे येतात आणि वरून दिसायला ते भावंडांसारखे असतात, म्हणून लेबल वाचूनच पैसे द्या. स्प्रिंगवाली साधी रायफल असेल तर ०.४५ ग्रॅमचा हलका छर्रा आधी वापरून बघा.

कुठली कंपनी चांगली, हे मी सांगणार नाही. टाळाटाळ नाही ही. माझ्या मुलीच्या बॅरलला जो छर्रा आवडतो तो शेजारच्या लेनवरच्या त्याच मॉडेलच्या रायफलला अजिबात आवडत नाही. दोन्ही रायफली एकाच कारखान्यातल्या.

दुसरी पायरी : लॉट म्हणजे काय, ते डायवाल्याकडून ऐका

हा भाग सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असतो आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

छर्रा बनतो शिशाच्या तारेपासून. तारेचे तुकडे पडतात, ते डायमध्ये दाबले जातात, डोकं आणि स्कर्ट आकाराला येतात. आता डाय म्हटली की ती झिजणार. शिसं कितीही मऊ असलं तरी लाखो छर्रे दाबल्यावर डायचं तोंड मोठं होणार, पंचाची कड गोल होणार, कधीतरी डाय काढून पॉलिश होणार किंवा नवीन बसणार. शिवाय एकाच मापाचे छर्रे दोन-तीन मशीनवर निघत असतील तर प्रत्येक मशीनची डाय वेगळी. टूलरूममध्ये आम्ही एकाच ड्रॉइंगवरून दोन डाय बनवायचो, दोन्ही तपासणीत पास व्हायच्या, तरी ऑपरेटर सांगायचा, "साहेब, दोन नंबरचीच द्या, तिचा माल सरस निघतो." का, ते कुणालाच धड सांगता यायचं नाही.

म्हणून डब्यावरचं ४.५० हे माप आडनावासारखं समजा. घराणं कळतं, माणूस कळत नाही. माणूस कळतो लॉट नंबरवरून, म्हणजे एका खेपेत निघालेल्या मालाच्या नंबरवरून. डब्याच्या मागे किंवा तळाला स्टिकर असतो, त्यावर बारीक अक्षरात तो छापलेला असतो. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच ४.५० चा दुसऱ्या लॉटचा डबा वेगळा वागू शकतो.

मी हे शिकलो ते सहा डब्यांची किंमत मोजून. एका डब्याने सुंदर ग्रुप दिला म्हणून त्याच नावाचे सहा डबे मागवले. आले. लॉट वेगळा. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, साइझ तोच आहे की." त्याचंही चुकलं नव्हतं, मी लॉट सांगितलाच नव्हता. ते डबे वर्षभर सरावाला वापरले आणि दर वेळी झाकण उघडताना मनात स्वतःला दोन शिव्या दिल्या.

तिसरी पायरी : नमुने गोळा करा

पहिल्याच फटक्यात पाच डबे विकत घेऊ नका. काही कंपन्या वेगवेगळ्या मापांचे थोडे थोडे छर्रे एकत्र नमुना म्हणून विकतात. ते मिळाले तर उत्तम. नाही तर रेंजवर तोंड उघडा. कुणाकडे ४.४९ असेल, कुणाकडे ४.५१. पन्नास छर्रे मागितले तर नेमबाज मंडळी नाही म्हणत नाहीत. बदल्यात आपले पन्नास द्या. प्रत्येक नमुना वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी : कंपनी, वजन, माप, लॉट. औषधाच्या रिकाम्या डब्या यासाठी झकास.

सुरुवातीला तीन किंवा चार नमुने पुरे. त्याहून जास्त घेतले की संध्याकाळपर्यंत तुमचाच गोंधळ उडतो.

चौथी पायरी : डोळ्यांनी तपासणी

पांढऱ्या कागदावर वीस छर्रे पसरा आणि भिंगातून बघा. स्कर्टची कड गोल आहे ना? कुठे दबलेली, चिमटलेली? डोक्याच्या काठावर बर, म्हणजे धातूची उभी राहिलेली बारीक कड, आहे का? डब्याच्या तळाशी करडी भुकटी किती? काचेवर छर्रा लोटला की तो कमी-जास्त गोलात फिरतो. वीसमधला एखादाच वेगळ्या वळणाने गेला तर त्याला बाजूला काढा. पाच-सहा गेले तर तो डबाच सरावाचा.

मायक्रोमीटर लावू का, असं मला हमखास विचारतात. माझ्याकडे चांगला आहे, पण लावत नाही. शिसं इतकं मऊ की रॅचेटच्या दोन टिचक्यांत डोकं दबतं, आणि तुम्ही मोजता ते तुमच्या बोटांचा जोर. आम्ही भोकांसाठी गो-नोगो गेज वापरायचो, त्याच धर्तीवर शतांशाच्या फरकाने भोकं पाडलेली पट्टी छर्ऱ्यांसाठी मिळते. छर्रा कुठल्या भोकात पडतो आणि कुठल्या भोकावर अडतो ते बघायचं. हौस असेल तर घ्या. पण पट्टी फक्त छर्रे एकसारखे आहेत का एवढंच सांगते. तुमच्या बॅरलला ते पटतील का, हे ती सांगू शकत नाही.

मधेच एक गोष्ट : मी बनवलेली डाय

रोग जुना, त्यामुळे एकदा वाटलं की छर्रे विकत घेऊन आपणच एका मापाचे करावेत. छोटी डाय बनवली, हार्ड केली, आतून लॅपिंग करून आरशासारखी केली. एकेक छर्रा वरून हलकेच दाबून खाली काढायचा, की झाला मापात. दोनशे छर्रे असे काढले. दिसायला इतके देखणे की डबीत ठेवून बघत बसावं. शिकंजात लावून मारले तर ग्रुप आधीपेक्षा मोठा! स्कर्टही दबला होता, त्याला फुलून आट्यांत बसायला उरलंच नव्हतं. शिवाय हाताळण्यात किती छर्ऱ्यांच्या कडा बिघडल्या ते वेगळंच. ती डाय आता कपाटात आहे. चहा पिताना पाहुण्यांना दाखवतो.

परदेशातले व्हिडिओ बघणारी पोरं इथे दुसरा प्रश्न आणतात. तिकडचे लोक रिकामी पितळी केस, म्हणजे काडतुसाची नळी, रीसाइझिंग डायमधून (पुन्हा मापात आणणाऱ्या डायमधून) काढून पुन्हा काडतूस भरतात, ते आपण करू शकतो का? तांत्रिक गोष्ट मला समजते आणि आवडतेही. गोळी उडताना केस फुगते, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटते आणि त्याच आकारात राहते. बोल्ट हाताने ओढायची रायफल असेल तर नुसती मान आवळून भागतं, कारण ती केस पुन्हा त्याच चेंबरमध्ये जाते आणि जराशी अडली तर हात जोर लावतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये काडतूस आत ढकलायला फक्त स्प्रिंग असते, म्हणून तिथे केस मानेपासून बुडापर्यंत आवळणारी फुल-लेंग्थ डाय लागते, आणि चेंबर फार तंग असेल तर बुडाशी आणखी थोडी आवळणारी. पण आपल्याकडे काडतूस बनवणं शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याशिवाय गुन्हा आहे. हौशी माणसासाठी तो रस्ता बंद. पॉइंट टू टू रायफलची काडतुसं तर रिमफायर, ती एकदा उडाली की पुन्हा भरता येत नाहीत. पण तिथेही मोठे नेमबाज काय करतात बघा : वेगवेगळे लॉट आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जमलेला लॉट उचलतात. स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं तेव्हा आपल्या रेंजवर पेढे वाटले, कारण त्याने नेमबाजीचे सुरुवातीचे धडे नाशिकमध्ये गिरवले आहेत. त्याच्या खेळात आणि आपल्या पोरांच्या खेळात चाळीस मीटरचं अंतर, पण लॉट निवडायची रीत एकच.

पाचवी पायरी : रायफल चाचणीलायक करा

स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू तपासा. साइट घट्ट आहे ना, ते बघा. सिलिंडरमध्ये हवा पुरेशी भरा, चाचणीच्या मधे दाब उतरला तर दोष छर्ऱ्यावर जाईल. सिलिंडरवर छापलेलं वर्षही याच वेळी बघून घ्या. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही.

बॅरल साफ करायची तर मागच्या बाजूने, फेल्टच्या गोळ्यांनी किंवा दोरीने. लोखंडी गज बॅरलमध्ये घालू नका, पुढच्या तोंडाची कड एकदा खरवडली की कुठलाही छर्रा तिला वाचवू शकत नाही. साफ केल्यावर लगेच चाचणी नको. वीस-तीस शॉट नुसते मारा, बॅरल पुन्हा शिशाला सरावू द्या.

सहावी पायरी : टेकू

शिकंजा, म्हणजे बॅरल किंवा अ‍ॅक्शन आवळून धरणारा वाइस, असेल तर सोन्याहून पिवळं. सगळीकडे तो नसतो. नसेल तर टेबल, खुर्ची आणि उशी. जुन्या जीन्सचा पाय कापून, त्यात तांदूळ भरून शिवा : एक मोठी पिशवी पुढच्या हाताखाली, एक छोटी स्टॉकच्या मागे. वाळूपेक्षा तांदूळ बरा, रेंजच्या फरशीवर सांडला तर कोच ओरडत नाही, फक्त हसतो. मारणारा माणूस चाचणी संपेपर्यंत एकच हवा.

स्प्रिंगवाली रायफल मात्र कधीही शिकंजात आवळू नका. तिचा पिस्टन सुटताना ती आधी मागे, मग पुढे उसळते. तिला मऊ आधारावर, हातात सैल धरून, दर वेळी त्याच जागी टेकवून मारा. आवळलीत तर ग्रुप तर बिघडेलच, रायफलचे स्क्रूही ढिले होतील.

सातवी पायरी : प्रत्यक्ष चाचणी

प्रत्येक नमुन्याचे दहा-दहा शॉटचे किमान तीन ग्रुप. पाच शॉटवर विश्वास ठेवू नका. पाच शॉट नशिबाने एका भोकात जातात. तेच दहा केलेत की त्याच छर्ऱ्याचं खरं रूप दिसतं. पाच शॉटच्या अशाच एका भोकाचा फोटो मी घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. पुढच्या दहा शॉटचा टाकला नाही.

क्रम असा ठेवा : पहिल्या नमुन्याचे पाच शॉट बाजूच्या कार्डावर, हिशेबात न धरता, कारण बॅरलमध्ये आधीच्या छर्ऱ्याचं शिसं असतं. मग दहा शॉट. मग दुसरा नमुना, पुन्हा पाच वाया आणि दहा मोजायचे. सगळे झाले की पुन्हा एक फेरी, पण उलट्या क्रमाने. एकाच छर्ऱ्याचे तीन ग्रुप सलग मारले तर पहिला नमुना ताज्या डोळ्यांना मिळतो आणि शेवटचा थकलेल्या खांद्याला. मग शेवटचा छर्रा वाईट ठरतो, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

ग्रुप दहाच्या ठिपक्यावर बसतोय की नाही, ते बघू नका आणि मधेच साइटही फिरवू नका. दोन छर्ऱ्यांचे ग्रुप दोन वेगळ्या जागी बसणं साहजिक आहे. आज फक्त पसारा मोजायचा. जागा नंतर चार क्लिकमध्ये आणता येते.

एक चोरटी युक्ती : कुठल्या डबीत काय आहे हे मारणाऱ्याला सांगू नका. डब्यांवर अ, ब, क लिहा, यादी तुमच्या खिशात. महागडा छर्रा आहे हे कळलं की माणूस नकळत जास्त जपून मारतो. माझ्या मुलीने अशाच चाचणीत सगळ्यात स्वस्त नमुना दुसरा आणला होता.

आठवी पायरी : मोजमाप

व्हर्निअरने ग्रुपच्या दोन टोकांच्या भोकांची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. कागद फाटताना थोडा आत ओढला जातो, म्हणून भोक छर्ऱ्यापेक्षा किंचित लहान दिसतं. त्याची चिंता नको, सगळे ग्रुप एकाच पद्धतीने मोजले की झालं. वहीत तीन आकडे लिहा, सरासरी काढा, आणि तिघांतला सगळ्यात मोठाही वेगळा नोंदवा. मी निवड करताना सरासरीआधी तो मोठा आकडा बघतो. २.१, २.३, २.२ देणारा छर्रा मला १.५, १.७, ३.२ देणाऱ्यापेक्षा जवळचा, जरी दुसऱ्याची सरासरी थोडी कमी आली तरी. स्पर्धेत तो ३.२ कितव्या शॉटला येईल ते आधी कळत नाही.

दोन नमुने अगदी जवळ आले तर? जो सहज मिळतो तो घ्या. इथे डोकं चालवण्यात काही राम नाही.

सगळेच ग्रुप मोठे आले, चार-पाच मिलिमीटरचे, तर छर्रा सोडा आणि रायफल बघा. स्क्रू, बॅरल, दाब, वॉशर. एका पालकाने दोन महिने छर्रे बदलले, शेवटी निघाला साइटचा ढिला स्क्रू.

नववी पायरी : खरेदी

निवडलेला लॉट मिळत असेल तेवढा एकदम घ्या, पण आधी हिशेब करा. दिवसाला ८० शॉट, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला ४००. ५०० चा डबा सव्वा आठवडा पुरतो. एवढे सगळे मॅचचे छर्रे परवडणार नाहीत आणि गरजही नाही. त्याच वजनाचा स्वस्त छर्रा रोजच्या सरावाला ठेवा, आणि निवडलेला लॉट स्पर्धेला व तिच्या आधीच्या पंधरा दिवसांना. मुंबई-पुण्याहून मागवत असाल तर लॉट नंबर लिहून पाठवा आणि स्टिकरचा फोटो मागा. फोटो द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून मी घेत नाही. वरळी किंवा बालेवाडीला स्पर्धेसाठी जाल तेव्हा तिथे विचारपूस करा, कधी कधी हवा तो लॉट तिथेच कुणाच्या तरी बॅगेत सापडतो.

परवान्याचंही इथेच सांगतो, कारण आजोबा मंडळी घाबरतात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० जूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफली यात आरामात बसतात. परवाना लागत नाही म्हणजे गच्चीवरून कबुतरं-पोपट मारायची मुभा मिळाली, असा अर्थ कुणी काढू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे.

डबा घरी आणल्यावर

शिसं ओलाव्यात पांढरट पडतं. गंगापूर धरणाचे दरवाजे उघडायची बातमी येते त्या दिवसांत घरातलं मीठही ओलं होतं, तिथे छर्ऱ्यांची काय कथा. झाकण घट्ट लावा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, लोखंडी कपाटात ठेवा. तेल लावू नका. डबा खाली आपटला तर तो स्पर्धेतून बाद, स्कर्ट चेपलेले असतात. रेंजवर लागतील तेवढेच छर्रे ट्रेमध्ये काढा. खिशात तर नकोच, किल्ल्यांशी घासून काय हालत होते ते एकदा भिंगातून बघा.

आणि मुलांच्या हातांकडे लक्ष ठेवा. शिसं विषारी आहे, लहान मुलांना आणि गरोदर बाईला जास्त. छर्रा तोंडात धरायची सवय काही जुन्या लोकांना असते, तिथल्या तिथे टोका. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा जेवणाचा डबा म्हणतोय मी. रेंजवरून थेट मिसळ खायला जाणारी आमची एक टोळी आहे. तिथल्या मालकाला आता सवय झाली आहे, आम्ही आलो की तो आधी बेसिनकडे बोट दाखवतो.

घरी सराव करणार असाल तर मागे छर्रा पकडणारा पक्का डबा हवा. भिंतीवरून छर्रा परत येतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा, आणि त्या खोलीला दुसरं दार असेल तर ते कडी लावून बंद. रायफल हातात नसताना चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅगची दोरी, म्हणजे आत छर्रा नाही हे दिसतं.

नवीन लॉट आला की ही सगळी चाचणी पुन्हा करायची का? हो. पण या वेळी दोनच नमुने : जुन्या लॉटचे राखून ठेवलेले पन्नास छर्रे आणि नव्याचे पन्नास. म्हणून जुना डबा कधीही तळापर्यंत संपवू नका. आमच्या कपाटात असे सात डबे आहेत, प्रत्येकात पन्नास, वर तारखेची चिठ्ठी. त्यातले चार बायकोने मागच्या दिवाळीच्या साफसफाईत रिकामे समजून भंगारात काढले होते, गेटवरून परत आणले.